बाबा, ही गोळी घरी कशी घेता?

प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडून बाबा आतला सगळा ऐवज टेबलावर ओततात. अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, कात्रीने कापलेले दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे तुकडे, मलमाची दबलेली नळी, खाजगी डॉक्टरच्या दोन चिठ्ठ्या, घड्या पडून पडून फाटायला आलेला केसपेपर. पट्ट्या कापल्या तेव्हाच बहुतेक औषधांची नावं निघून गेली आहेत. उरलीय ती नुसती चंदेरी पाठ.

"यातली साखरेची कोणती, बाबा?"

"ही. बारकी हाय ती."

"आणि बीपीची?"

"ती बी बारकीच. पण जरा चपटी हाय."

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली ही दुपार आहे. सकाळची ओपीडी साडेबाराला संपली, संध्याकाळची चारला सुरू होईल. मधल्या वेळात प्रशिक्षण आहे. पत्रात विषय लिहिलाय, 'रुग्णकेंद्रित सेवा व रुग्ण सहभाग'. टेबलाभोवती वैद्यकीय अधिकारी, स्टाफ नर्स, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, उपकेंद्रांवरून आलेले समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), फार्मासिस्ट, गटप्रवर्तक आणि आशाताई बसल्या आहेत. प्रशिक्षण द्यायला आलेल्या ताई स्वतः वॉर्डात आयुष्य काढलेल्या नर्स आहेत. त्यांनी येताच हट्टाने परिचर मामांना आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही आत बोलावून खुर्चीवर बसवलंय. मामा अजून खुर्चीच्या टोकावरच आहेत.

पडदा नाही, स्लाइड नाहीत. पहिला धडा म्हणून ताईंनी बाबांना बोलावलंय. बाबांची हरकत नाही. उलट वीसेक माणसं कान देऊन आपलं ऐकतात म्हटल्यावर त्यांनी टोपी सारखी केलीय आणि पाठ ताठ.

"बाबा, ह्या गोळ्या तुम्ही घरी कशा घेता, ते आम्हाला सांगा. आम्ही मधे बोलणार नाही."

बाबा सांगू लागतात. बीपीची गोळी डोकं जड झालं तर घ्यायची. डोकं हलकं असलं तर कशाला उगं? साखरेची मात्र रोज, न चुकता, सकाळी उठल्याउठल्या. पहाटे शेतात जायचं असलं तर जाताना. हळद शिजवायला चालू असली की भाकर दुपारी बारा-एकलाच पोटात जाते, पण गोळी चुकवत नाहीत. एवढं म्हणून ते डॉक्टरांकडे बघतात. शाबासकीची वाट बघावी तसं.

स्टाफ नर्स हलते. तिच्या ओठांवर काहीतरी येतंय. ताई हाताने थांबवतात.

"आणि एकादशीला?"

"एकादशीला निरंकार असतो माझा. दोनी एकादश्या. जमलं तर नर्सीला जाऊन येतो, नामदेवरायाच्या दर्शनाला."

"मग गोळी?"

"गोळी खातो की! गोळीला कशाचा उपास? पाण्यासंगं घेतो सकाळच्याला." बाबा क्षणभर थांबतात. "मंग दुपारून हातपाय गळतेत. दरदरून घाम येतो. डोळ्यापुढं अंधारी. वय झालं, उपास झेपंना म्हनायचं अन् पडून ऱ्हायचं."

फार्मासिस्टने मघापासून एक पट्टी उजेडात धरून तिच्या कडेवरची उरलेली अक्षरं जुळवत आणलीत. तो मान वर करून एकच शब्द बोलतो, "ग्लिमेपिराइड." खोलीतल्या निम्म्या लोकांना लगेच कळतं, निम्म्यांना डॉक्टरांचा चेहरा बघून. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते, पोटात अन्न असो नसो. दिवसभर अन्नाचा कण नाही आणि वर ही गोळी, म्हणजे रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अंधारी ही तिचीच लक्षणं. वयाचा आणि उपास न झेपण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून बाबांच्या समोर येतात. तरुण आहेत, आवाज आपोआप चढतो त्यांचा, पण आत्ता ते सांभाळून बोलतात. "बाबा, एकादशीला जे होतं ते या गोळीमुळे होत असणार."

"उपास सोड म्हनू नका, साहेब."

"नाही म्हणत. तुमचा उपास आणि ही गोळी, दोघांचं जमवायचं आपल्याला. तुम्ही सांगा काय जमेल."

आणि मग जे होतं ते बघण्यासारखं आहे. बाबा बोलणी करतात. निरंकार सोडून दुपारी थोडी भगर खायला ते तयार होतात, कारण वारीत त्यांच्याबरोबरचे सगळेच फराळ करतात. डॉक्टर म्हणतात, एकादशीला ही गोळी घ्यायची नाही, पारणं सोडल्यावर नेहमीसारखी चालू. आज रक्त तपासू आणि एवढ्या जोराची गोळी लागते का तेही बघू. रोजचंही ठरतं. न्याहारी केल्याशिवाय ही गोळी तोंडात टाकायची नाही, शेतात जायचं असलं तर गोळी भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायची. फडक्याची युक्ती बाबांची. बीपीच्या गोळीचं मात्र उलट, डोकं हलकं असो की जड, ती रोज. "आणि कधी घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच साखर तोंडात टाकायची आणि आशाताईला हाक मारायची. साखर उपासाला चालते ना?"

"चालते की! गूळ बी चालतो."

बाबांच्या गल्लीतल्या आशाताई भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघून पुढच्या एकादशीची तारीख हातावर लिहून घेतात. त्या दिवशी दुपारी जाऊन येते म्हणतात. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं गेली असतील.

टेबलावरच्या त्या कागदांकडे मी बघतो. दोन खाजगी चिठ्ठ्या आहेत, सरकारी केसपेपर आहे. बाबांच्या साखरेचे आकडे त्यात आहेत, वजन आहे, रक्तदाब आहे. बाबा एकादशी करतात हे कुठेच नाही. नामदेवांच्या जन्मगावापासून एवढ्याशा अंतरावर, जिथे घरोघरी कुणीतरी एकादशी धरतंच, तिथे मधुमेहाच्या रुग्णाला उपासाचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला जायला हवा, आणि तो कुठल्याच छापील फॉर्ममध्ये नाही. विज्ञान बरोबर होतं, गोळी बरोबर होती, मात्राही बहुधा बरोबर असेल. पण ती गोळी ज्या दिवसात पडणार होती तो दिवस कुणाला माहीत नव्हता. रुग्णकेंद्रित सेवा म्हणजे गोड बोलणं, हसून स्वागत करणं असं आपल्याकडे फार लोकांना वाटतं. गोड बोलावंच. पण बाबांना गोड बोलण्याने काही फरक पडला नसता. मधुमेहाचा इलाज वर्षातून मोजके तास दवाखान्यात होतो, बाकी सगळा घरात आणि शेतात. तो करणारा माणूस डॉक्टर नसतो, बाबा असतात. त्यांना विचारल्याशिवाय तो नीट होणार कसा?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात १७ हक्क आहेत आणि पहिलाच माहितीचा आहे. बाबांना ती सनद ठाऊक नाही. गोळ्या पिशवीत भरता भरता ते एवढंच विचारतात, "मंग आता मी जाऊ का अजून काही सांगू?"

पुढचा खेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचचा आहे. दोघादोघांच्या जोड्या पाडायच्या. एकाने रुग्ण होऊन तक्रार सांगायची, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. ताई सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतात. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांची बोलणी टेप करून तपासली, तेव्हा रुग्णाने तोंड उघडल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते असं निघालं. "बघू आपण किती टिकतो," ताई म्हणतात आणि बटण दाबतात.

माझ्या जवळच्या जोडीत एक आशाताई रुग्ण झाल्यात. "सायेब, आठ दिस झाले, कंबर..." "ताप आहे का?" आरोग्य सेवक विचारतो आणि स्वतःच जीभ चावतो. कुणालाच १८ सेकंद गाठता येत नाहीत. सगळे हसतात. ताई हसू देतात आणि पुन्हा बटण दाबतात. दुसऱ्या वेळी त्याच आशाताईंची कंबर आधी हळदीच्या कुकरपाशी पोचते, तिथून दोन रात्रीच्या जागरणापर्यंत, तिथून पाण्याचे हंडे उचलण्यापर्यंत, आणि मग अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं, "अन् लघवीला बी जळजळतंय" हे येतं. सेवक पेन ठेवून बघत राहतो. पहिल्या वेळी त्याने कंबरेच्या गोळ्या लिहिल्या असत्या.

"किती वेळ झाला?"

मोबाइलवर दीड मिनिटाच्या आसपासचा आकडा आहे. ताईंना तो अपेक्षितच होता. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या दवाखान्यात २००२ साली डॉक्टरांना सांगितलं गेलं की रुग्ण आपण होऊन थांबेपर्यंत मधे बोलू नका. तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. माणसाला बोलू दिलं तर तो तासभर सांगत बसेल ही भीती खरी नाही, हे त्या ९२ सेकंदांनी दाखवलं.

पण इथे पाठीमागून एक आवाज येतो आणि मला वाटतं तो यायलाच हवा होता. उपकेंद्रावरच्या एक आरोग्य सेविका बोलतायत. वयाने मोठ्या आहेत, आवाजात राग नाही, थकवा आहे. "ताई, बाझलचं बरोबर असंल. आमच्या उपकेंद्राला नियमाने पाच हजार लोकसंख्या असते. लसीकरण आमचं, गरोदर माता आमच्या, सर्व्हे आमचा. त्यावर रजिस्टर, अन् रजिस्टरात लिहिलेलं परत मोबाइलमध्ये भरायचं. नेट आलं तर. बाई समोर रडत असते अन् आम्ही तिच्या आधारचा नंबर टाकत असतो. आम्हाला कुणी दीड मिनिट ऐकलंय का?"

खोली शांत होते. डॉक्टर खाली बघतात. अशा वेळी प्रशिक्षण देणारे सहसा म्हणतात, हे आपल्या विषयाबाहेरचं आहे. या ताई तसं म्हणत नाहीत. त्या स्टॉपवॉच पुन्हा लावतात आणि सेविकेला म्हणतात, "बोला. मी मधे बोलणार नाही." आणि खरंच बोलत नाहीत. सेविका दोन मिनिटांहून जास्त बोलतात. शेवटी त्या सांगतात ते तक्रारीपेक्षा सूचना आहे: मंगळवारी गरोदर मातांची तपासणी असते, त्या दिवशी भरायची माहिती बुधवारी भरली तर चालेल का? डॉक्टर म्हणतात चालेल, त्यांच्याच हातात आहे तेवढं. वरच्यांच्या हातात जे आहे, पदं आणि माणसं, त्याचं या खोलीत काही होणार नाही. ताई ते फळ्याच्या कोपऱ्यात वेगळं लिहितात आणि पुसत नाहीत.

जागतिक तुलनेतही वेळेचाच प्रश्न दिसतो. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या प्राथमिक तपासणीचा वेळ एकत्र मोजला गेला. बांगलादेशात तो सरासरी ४८ सेकंद भरला, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. स्वीडनच्या नर्सला शिकवलेला धडा तसाच्या तसा सेनगाव तालुक्यात आणून ठेवता येणार नाही. आमच्या माणसांना 'नम्र व्हा' असं सांगण्याआधी त्यांच्यावरचं एक रजिस्टर कमी करा, असं मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. थकलेल्या माणसाकडून आस्था मागणं म्हणजे त्याला अजून एक काम लावणं आहे.

चहा येतो. चहाबरोबर मामांची पाळी.

परिचर मामा दारावर असतात. केसपेपर काढायला रांग लावतात, नाव पुकारतात. इतक्या वर्षांत त्यांना कुठल्या प्रशिक्षणाला बसवलेलं नाही. ताई विचारतात, "मामा, दारातून तुम्हाला काय दिसतं जे आम्हाला आतून दिसत नाही?"

मामा आधी 'काही नाही' म्हणतात. मग सांगतात की नाव पुकारल्यावर जी माणसं उठत नाहीत त्यांतल्या कितीतरींना ऐकूच आलेलं नसतं. तांड्यावरच्या बाया एकटीने आत जायला बुजतात, दोघी मिळून आल्या की बोलतात. आणि मग, जराशा दबक्या आवाजात, "त्या बाया चिठ्ठी हातात घेऊन म्हनतात ना, चष्मा घरी ऱ्हायला, त्यांचा चष्मा घरी नसतो. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवतो भाईर."

फार्मासिस्ट खुर्चीत सरळ होतो. खिडकीतून दिलेल्या प्रत्येक पाकिटावर तो इमानाने लिहीत आलाय, सकाळी एक, रात्री एक. सुवाच्य अक्षरात. ते अक्षर कुणासाठी होतं?

"मी सूर्य आणि चंद्र काढू का?" तो विचारतो. "सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र. जेवणानंतर असेल तर ताट."

"ताट काढायला वेळ लागंल," एक आशाताई म्हणते. "भाकर काढा. गोल."

यावर चर्चा होते. अर्धी भाकर म्हणजे अर्धी गोळी समजतील का, इथपर्यंत. शेवटी गटप्रवर्तक सुचवतात की आधी पाच-सहा बायांना दाखवून बघू, त्यांना काय कळतं ते. माझ्या मते दिवसभरातली ही सगळ्यात शहाणी सूचना आहे, आणि ती कुठल्या पुस्तिकेतून आलेली नाही.

लोकांना शिकवता येतं, आणि लोकांकडून शिकता येतं, हे महाराष्ट्राला नवं नाही. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं, आणि अक्षरओळख नसलेल्या, गावाने मागे ठेवलेल्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ज्या भेटी देतात त्यांचं मूळ त्या गावांत आहे. या खोलीतल्या आशाताई त्याच भेटी देतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. २०२४ पासून हिंगोलीतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, तिथली मुलं हे पहिल्या वर्षापासून शिकतील. पण दवाखान्याचं तोंड म्हणजे आज या टेबलाभोवती बसलेली माणसं आहेत, आणि ही शिकली तेव्हा वहीत फक्त रोग होते.

दुपार कलते तसं बाळंतपणाचं नाट्य मांडलं जातं. बाकड्यावर चादर टाकून त्याचं टेबल होतं. एक तरुण आशा 'बाळंतीण' व्हायला पुढे येते, स्टाफ नर्स स्वतःचीच भूमिका करते. कळा सुरू. आशा झकास ओरडते. खोलीत हशा. नर्सही रंगात येते, "आरडू नको गं! आता आरडतीस, तवा नाही कळलं?"

हसता हसता हशा विरतो. कुणीच कुणाकडे बघत नाही. वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

कोपऱ्यातल्या एक वयस्क आशाताई उठून उभ्या राहतात. त्यांना उभं राहायला कुणी सांगितलेलं नाही. "मला म्हनलं होतं हे," त्या म्हणतात. पुष्कळ वर्षांपूर्वी, दूरच्या एका दवाखान्यात, पहिलटकरीण असताना. मांडीवर चापटही बसली होती. दारं उघडी, माणसं येत-जात होती, आईला बाहेर बसवलेलं. "बाळ बरं झालं. पन दुसऱ्या बाळंतपनाला मी दवाखान्यात नाही गेले. घरीच झाले. लई रक्त गेलं. मरता मरता वाचले." आणि खाली बसता बसता, "आता मी बायांना दवाखान्यात चला म्हनून सांगत फिरते. त्यांच्या डोळ्यात मला तेच दिसतं."

नर्सच्या डोळ्यांत पाणी आहे. ताई तिच्या खांद्यावर हात ठेवतात, पण धडा अर्धवट सोडत नाहीत. अपमान हाही आजाराला वाट करून देतो, त्याने पुढचं बाळंतपण दवाखान्याबाहेर जातं, एवढंच त्या बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बाळंतपणातल्या अवमानाविरुद्ध निवेदन काढलं. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यायची सूचना दिली, २०१७ साली प्रसूतिगृहांच्या दर्जासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आणला. कागद तयार आहेत. आता चादर पुन्हा टाकली जाते.

या वेळी नर्स आधी दाराकडे जाते आणि पडदा ओढल्यासारखं करते. वाकून विचारते, "ताई, जवळ कोण हवं तुला? आई की सासूबाई?" बाकड्यावरची आशा खऱ्या बाळंतिणीसारखी गोंधळते. हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नाही. "मावशी," ती शेवटी म्हणते, "माझी मावशी." सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, हे नियम ताई सांगतात. कोण असावी हे बाईने ठरवायचं. नर्स हात लावण्याआधी सांगते, आता मी पोट तपासते, हात गार लागेल. 'बाळंतीण' ओरडते. "ओरड," नर्स म्हणते, "आणि ओरडून झालं की लांब श्वास घे." कुणी हसत नाही.

तांड्यावरच्या आशाताईंचा प्रश्न यात राहून जाऊ नये. दिवाळीनंतर त्यांच्याकडच्या बाया ऊसतोडीला जातात, त्यांतल्या काही पोटुशी असतात. चौथ्या महिन्यात इथे नोंद, सातव्या महिन्यात कुठल्याशा कारखान्याच्या कोपीवर. "तिला विचारतच नाही कुणी, की सातव्या महिन्यात तू कुठं असशील?" डॉक्टर वहीत लिहून घेतात. जाताना कार्डाबरोबर पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि आशाताईचा नंबर द्यायचा, मुकादमाचा नंबर आपण घ्यायचा. एवढं ठरतं, आणि घड्याळात चार वाजतात.

संध्याकाळची ओपीडी. आता खेळ नाही. गर्दी कमी आहे, हवेत कुठूनतरी शिजलेल्या हळदीचा वास आहे. औषधाच्या खिडकीपाशी फार्मासिस्टने एक स्टूल आणून ठेवलंय. खिडकीला जाळी आणि जाळीत हात जाईल एवढं भोक, सगळ्याच सरकारी दवाखान्यांत असतं तसं. स्टूल मात्र आतल्या बाजूला, दाराशी, जिथे बसून कुणालाही विचारता येईल.

स्टाफ नर्ससमोर दहा महिन्यांचं बाळ घेऊन एक आई बसलीय. तीन दिवस जुलाब. बाळाचे डोळे खोल गेलेले नाहीत, चिमटीत धरलेली कातडी लगेच सरळ होते, ते पाणी मागून पितंय पण हावरेपणाने नाही. डॉक्टरांनी तपासून ओआरएस आणि झिंक लिहिलंय. नर्स नेहमीप्रमाणे सुरू करते: एक पुडी एक लिटर पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं, झिंकची गोळी चौदा दिवस, चमचाभर पाण्यात विरघळवून. आई प्रत्येक वाक्याला मान डोलावते. नर्सची सवय इथे 'समजलं ना' म्हणून पुढच्याला हाक मारायची. ती थांबते. पाठीमागे ताई उभ्या आहेत, पण काही बोलत नाहीत.

"ताई, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर पुडी कशी कालवाल, दाखवा बरं."

आई बाळाला दुसऱ्या मांडीवर घेते. "गिलासात पानी घेते. त्यात पुडी टाकते. चमच्यानं हलवते."

"केवढ्या गिलासात?"

आई बोटांनी दाखवते. घरात पाणी प्यायचा असतो तेवढा.

अख्खी पुडी त्या गिलासात म्हणजे लिटरभराचं मीठ एका पेल्यात. जुलाब लागलेल्या बाळाला ते पाजलं तर फायदा राहिला बाजूला, ते धोक्याचं आहे. नर्सचा चेहरा क्षणभर उतरतो. आवाज मात्र चढत नाही. "मी 'लिटर' म्हणाले, ते माझंच चुकलं. घरी पाण्याची बाटली असते ना, लग्नात देतात तसली मोठी?"

"हाय की. पोरगं शाळेत नेतं."

"ती भरून जेवढं पाणी होतं तेवढ्या सगळ्या पाण्यात एक पुडी. आता सांगा."

आई सांगते. या वेळी बरोबर सांगते. झिंकपाशी पुन्हा अडते. जुलाब थांबले की गोळी बंद, असं तिने धरलंय. नर्स सांगते, जुलाब आधी थांबले तरी गोळी चौदा दिवस, म्हणजे पुढच्या वेळी लवकर जुलाब लागणार नाहीत. फार्मासिस्ट दारातून पाकिट पुढे करतो. त्यावर चौदा छोटे सूर्य काढलेत, रोज एक खोडायचा. आई ते बघते, बोट ठेवून मोजते आणि पहिल्यांदा आपण होऊन बोलते.

"सिस्टर, दूध पाजू का नको? सासूबाई नको म्हनतात. दुधानं जुलाब वाढतात म्हनं."

हा प्रश्न तीन दिवस तिच्या पोटात होता. 'समजलं ना' म्हणून तिला पाठवलं असतं तर तसाच घरी गेला असता.

"पाजायचं. उलट जास्त वेळा पाजायचं. सासूबाई कुठेत?"

"भाईर. बाकड्यावर."

नर्स स्वतः उठून बाहेर जाते. परिचर मामा दारातून हाक मारणारच होते. ती त्यांना राहू द्या म्हणते आणि मावशींना हाताला धरून आत आणते, आपल्या खुर्चीशेजारी बसवते. मावशी भांडायच्या तयारीनेच आल्यात, पदर खोचलेला.

"मावशी, बाळाला तुम्ही तीन दिवस काय काय दिलं, ते मला आधी सांगा."

"मंग तू मधे बोलू नको," मावशी म्हणतात.

"नाही बोलत," नर्स म्हणते आणि हातातलं पेन टेबलावर ठेवते.